नवीन लॉनला विद्राव्य खत कसं द्यायचं: पहिल्या झारीपासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

आमच्या अंगणात लॉन लावलं ते ऐन एप्रिलात. बारा दिवसांवर वास्तुशांत आली होती आणि येणाऱ्या पाहुण्यांना हिरवंगार अंगण दाखवायची मला कोण घाई! सहाव्या दिवशी शीटच्या कडा पिवळ्या दिसायला लागल्या. ज्यांनी लॉन आणून दिलं त्यांना फोन केला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “झारीत दोन मुठी युरिया टाका साहेब, चार दिवसांत हिरवं होईल.” मी सकाळी अकराच्या उन्हात तेच केलं. तिसऱ्या दिवशी लॉनवर तपकिरी अर्धगोल उमटले होते, अगदी झारी जशी फिरवली होती तसे. वास्तुशांतीला त्या भागावर मांडववाल्याचा गालिचा अंथरला आणि वेळ मारून नेली.

त्यानंतर दोन लॉन लावून झाली, एक भावाच्या बंगल्यात आणि एक आमच्या जुन्या सोसायटीत. दोन्ही नीट आली. पुण्याच्या हवेत काय चालतं, काय नाही, ते या तीन प्रयोगांतून कळलं, तेच इथे क्रमाने देतो. कोकणात किंवा गोव्यात असाल तर पावसाचा हिशोब वेगळा धरा.

लागणारं सामान

– 10 लिटरची झारी, बारीक भोकांच्या चाळणीची
– स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा (खत प्लॅस्टिकच्या डब्यात घालूनच मोजा, नाहीतर घरात शांतता राहणार नाही)
– 50 लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम किंवा दोन-तीन मोठ्या बादल्या
– ढवळायला काठी, गाळायला जुनं सुती कापड
– मोजपट्टी, दोरी, चार खुंट्या
– हातमोजे
– 19:19:19 विद्राव्य खताची 1 किलोची पुडी

पाठीवरचा पंप असेल तर उत्तम, पण मुद्दाम विकत घेऊ नका. कागदपत्रांचं म्हणाल तर विद्राव्य खताच्या पुडीला काही लागत नाही. अनुदानाचा युरिया घ्यायला गेलात तर दुकानदार आधार मागतो आणि मशिनवर अंगठा घेतो. शिवाय ते पोतं 45 किलोचं. पाचशे चौरस फुटांच्या अंगणाला महिन्याला शंभर ग्रॅम लागला असं धरलं तरी ते नातवाच्या लग्नापर्यंत पुरेल, आणि त्याच्या कितीतरी आधी ओल धरून त्याचा दगड झालेला असेल. ते शेतकऱ्यासाठी आहे, त्याच्याकडेच राहू द्या.

1. आधी मुळं बघा, मग खताचं बोला

लॉनची शीट म्हणजे कापून आणलेलं गवत. सोलापूर रस्त्याला उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात लॉन वाढवतात, कापतात आणि टेम्पोत भरून पाठवतात. कापताना बरीचशी मुळं तिथेच राहतात. तुमच्या अंगणात उतरतं ते पानांनी भरलेलं, मुळांनी तुटपुंजं असं गवत. त्याला पहिले काही दिवस भूक नसते, तहान असते. कडा पिवळ्या पडतात त्या बहुतेक वेळा सुकल्यामुळे किंवा प्रवासाच्या धक्क्याने. त्यावर खत ओतलं की मातीतला क्षार वाढतो, आणि मूळ पाणी आत ओढण्याऐवजी बाहेर गमावून बसतं. माझे अर्धगोल असेच झाले.

म्हणून शीटचा एक कोपरा हलक्या हाताने वर ओढून बघा. अलगद उचलला गेला तर खत नको, पाणीच द्या. खालच्या मातीने घट्ट धरून ठेवलंय आणि जरा ताकद लावल्यावर पांढरीशुभ्र, नवी मुळं दिसतायत, तर वेळ झाली. ही तपासणी मधल्या भागात आणि कडेला, दोन्हीकडे करा, कारण कडा नेहमी मागे राहतात. कोपरा परत दाबून पाणी घालायला विसरू नका.

जून-जुलैत लावलेलं लॉन साधारण दोन-तीन आठवड्यांत धरतं. एप्रिल-मेमध्येही तितकेच दिवस लागतात, पण पाणी दिवसातून दोनदा आणि तेही नेमाने द्यावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत महिना उलटला तरी कोपरा उचलला जातो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपली लॉनची गवतं उष्ण हवेतली, थंडीत ती आळसावतात. तारीख धरून खत देऊ नका, कोपरा धरून द्या.

2. अंगण मोजा

अंदाजाने “असेल पाचशे” म्हणणाऱ्यांपैकी मीही होतो. दोरी लावून मोजलं तर आंब्याचं आळं आणि पायवाट वजा जाता तीनशे ऐंशीच निघालं. म्हणजे अंदाजावर गेलो असतो तर खत जवळपास तीस टक्के जास्त पडलं असतं.

लांबी गुणिले रुंदी, वजा फरशी आणि आळी. मग दोरी-खुंट्यांनी दहा बाय दहा फुटांचे चौक पाडा. एका चौकाला एक झारी, म्हणजे 10 लिटर, हे प्रमाण पक्कं लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब याच्यावर आहे. खाली सोयीसाठी 500 चौरस फूट धरलेत, म्हणजे पाच चौक, पाच झाऱ्या.

3. दुकानात काय मागायचं

कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं “लॉनचं खत द्या” म्हणालात तर समोर जे जास्त पडून आहे ते मिळेल. “एकोणीस एकोणीस एकोणीस, पाण्यात विरघळणारं” असं मागा. हे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी. एक किलोच्या पुडीत प्रत्येकी 190 ग्रॅम. नत्राने पान वाढतं, स्फुरद मुळांच्या कामी येतं आणि पालाशने गवत ऊन-रोग सोसतं. नव्या लॉनला मुळं धरायची असतात, म्हणून सुरुवात अशा समतोल खताने. नुसत्या युरियात 46 टक्के नत्र असतं आणि बाकी काहीच नसतं. पान फोफावतं, मूळ मागे राहतं.

दुकानात फसायला दोन जागा आहेत. दाणेदार 10:26:26 किंवा 15:15:15 स्वस्त मिळतं म्हणून तेच पाण्यात कालवायला जाल, तर ते पूर्ण विरघळत नाही. तळाशी चिखल बसतो, चाळणी तुंबते, आणि वरचं पाणी पातळ नि शेवटची झारी जहाल अशी गत होते. ती खतं मातीत मिसळायची. दुसरी जागा म्हणजे रंगीत बाटल्या. “लॉन टॉनिक” लिहिलेल्या बाटलीवर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडेच नसतील तर मी ती परत ठेवतो. ह्युमिक किंवा समुद्री शेवाळाचा अर्क असेल तर ठीक, मुळांना मदत होते, पण ते जेवण नव्हे, तोंडी लावणं.

नॅनो युरियाबद्दल हमखास विचारतात. 2021 साली बाजारात आला त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 4 टक्के नत्र होतं, म्हणजे 20 ग्रॅम. तेवढं नत्र साध्या युरियाच्या 45 ग्रॅमच्या आतबाहेर मिळतं. पुढे जास्त टक्क्यांची बाटली आली. बाटलीवरचा आकडा वाचा, मिलिलिटरशी गुणा, आणि तुमचं तुम्ही ठरवा. मी अंगणासाठी घेत नाही.

4. पाणी आधी, खत नंतर

बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम खतातल्या स्फुरदाशी जुळून तळाला बसतं. पैसे तुमचे, फायदा ड्रमच्या तळाला. तपासायला काचेच्या ग्लासात ते पाणी घ्या, चिमूटभर खत ढवळा आणि अर्धा तास ठेवा. जरासा गढूळपणा किंवा रंग चालेल, पण तळाशी पांढरा थर बसला तर त्या दिवसापुरतं नळाचं पाणी वापरा.

ड्रममध्ये आधी अर्धं पाणी घ्या. त्यात मोजलेलं खत हळूहळू सोडत ढवळा, मग ड्रम पूर्ण भरा. ढवळताना पाणी एकदम गार लागलं तर दचकू नका. यातला युरियाचा भाग विरघळताना उष्णता शोषून घेतो. शेवटी कापडातून गाळून झारीत भरा. त्याच ड्रममध्ये कॅल्शियम नायट्रेट, बुरशीनाशक, तणनाशक असं काहीही “एकाच फेरीत काम होईल” म्हणून मिसळू नका.

पहिली मात्रा लिटरला 2 ग्रॅम. म्हणजे झारीला 20 ग्रॅम, पाच झाऱ्यांना 100 ग्रॅम. हे वाचून माळीकाका हसतील, आमचेही हसले होते. मी त्यांची मूठ काट्यावर मोजली, तर 80 ग्रॅम भरली, माझी 50. “झारीत दोन मुठी” या सल्ल्याचा अर्थ मूठ कोणाची यावर ठरतो, आणि दोघांच्याही मुठींनी नवं लॉन जळतंच.

5. दिवस निवडा

आदल्या संध्याकाळी लॉनला पोटभर पाणी द्या. तहानलेल्या गवताला खत कधीच नाही. सकाळी सात ते नऊ ही उत्तम वेळ. संध्याकाळी दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण मिळतं. दुपारचं मी वर सांगितलंच आहे.

पावसाचं गणित असं: रिमझिम चालते, उलट बरी. पण दिवसभर झोडपणारा पाऊस येणार असेल तर थांबा. नत्र पाण्याबरोबर वाहून गटारात जातं. शेजारी विहीर किंवा माशांचं टाकं असेल तर तिकडे ओघळ जाणार नाही याचीही काळजी घ्या.

गवत कापायचं असेल तर खताच्या दोन दिवस आधी कापा आणि नंतर तीन दिवस यंत्र लावू नका. नव्या लॉनची पहिली कापणी मुळं धरल्यावरच करायची, आणि कधीही उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही.

6. झारी फिरवणं

ऐकायला सोपं वाटतं, पण लॉन बिघडतं ते इथेच. आधी एक झारी साध्या पाण्याची भरा आणि एका चौकावर फिरवून बघा. चौक संपला आणि झारीत तीन लिटर उरले, तर तुम्ही घाईत आहात. अर्ध्यावरच झारी रिकामी झाली, तर जरा भरभर चाला. दोन फेऱ्यांत हात बसतो.

मग खताची झारी. अर्धी झारी उत्तर-दक्षिण, अर्धी पूर्व-पश्चिम, जमीन सारवताना पोतेरं जसं आडवं-उभं फिरवतात तसं. त्यामुळे राहिलेल्या पट्ट्या दुसऱ्या फेरीत झाकल्या जातात. मागे सरकत चला, म्हणजे ओल्या लॉनवर पाय पडणार नाहीत. झारी टेकवायची असेल तर फरशीवर टेकवा. लॉनवर ठेवलेली झारी चाळणीतून ठिबकत राहते आणि बरोबर तिथेच टिकलीएवढा डाग पडतो.

पाचही चौक झाले की लगेच साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. पानांवरचं खत खाली मुळांशी गेलं पाहिजे. इतकंच पाणी द्या की पानं धुतली जातील, अंगण वाहायला नको.

पंपाने फवारायचं असेल तर पहिल्या दोन मात्रांनंतर, आणि पंप कोणाचा आहे ते विचारून. शेजाऱ्याकडून आणलेल्या पंपात गेल्या आठवड्यात ग्लायफोसेट होतं, हे लॉन पिवळं पडल्यावर कळून उपयोग नसतो. तणनाशकाचा पंप वेगळा, खताचा वेगळा. साध्या 16 लिटरच्या पंपात 80 ग्रॅमपेक्षा जास्त खत घालू नका, आणि फवाऱ्यानंतर पाणी मारू नका, कारण इथे पानांनीच ते घ्यायचं असतं.

मुलं आणि कुत्रं लॉन सुकेपर्यंत आत. उरलेलं द्रावण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. अशाने अपघात झालेले सगळ्यांनीच ऐकलेत. कुंड्यांना निम्मं पाणी घालून देऊन टाका.

7. पुढच्या मात्रा

पहिल्या मात्रेनंतर पंधरा दिवस थांबा. दुसरी लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे पाच झाऱ्यांना 150 ग्रॅम. त्यानंतर दर पंधरा-वीस दिवसांनी लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 250 ग्रॅम, अशा तीन. बेरीज करा: शंभर, दीडशे आणि तीनदा अडीचशे, म्हणजे बरोबर एक किलो. पुडी संपते तेव्हा लॉन साधारण तीन महिन्यांचं झालेलं असतं.

पुडी फोडल्यावर तोंड घट्ट बांधून हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात उघडी राहिली तर आठवड्यात गोळा होते. गोळा झालेलं खत वाया जात नाही, पण मोजायला त्रास होतो.

सगळ्या गवतांची भूक सारखी नाही. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, जी शेतात शिव्या खाते आणि गणपतीला दूर्वा म्हणून मान घेते. ती खादाड आणि वेगाने पसरणारी. कोरियन गवत सावकाश वाढतं, त्याला 5 ग्रॅमच्या मात्रा महिन्यातून एकदाच पुरतात. जास्त दिल्या तर ते गाद्यांसारखं फुगतं आणि खालून वाळतं. दुकानदार ज्याला “मेक्सिकन” किंवा “सिलेक्शन वन” म्हणतो ते नक्की काय आहे, हे घेतानाच खोदून विचारा. थंडीत सगळ्यांचीच मात्रा निम्मी करा.

आणि खत फक्त लॉनला पोचतं असं नाही. शीटच्या मातीतून आलेला लव्हाळा पहिल्या मात्रेनंतर आठवड्यात डोकं वर काढतो. लॉनपेक्षा उंच, तिकोनी देठाचं, चकाकणारं पान दिसलं की ओल्या मातीतून गाठीसकट उपटा. नुसतं पान तोडलंत तर गाठ खालून पुन्हा फुटते. दुसऱ्या मात्रेच्या आधी एक सकाळ या कामाला द्याच.

8. पिवळं दिसलं म्हणजे भूक लागलीच असं नाही

खाली वाकून पान बघा. जुनी, खालची पानं फिकट आणि वरची बरी, तर नत्र कमी आहे, पुढची मात्रा दोन-चार दिवस अलीकडे घ्या. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या राहून बारीक रेघा दिसतायत, तर लोह मिळत नाहीये. आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत हे नेहमीचं. त्यावर 19:19:19 कितीही ओतलंत तरी फरक पडणार नाही. हिराकस लिटरला 2 ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस घालून पानांवर हलका फवारा मारा. मात्र शहाबादी किंवा कोटा फरशीवर थेंब उडाला तर गंजाचा डाग बसतो आणि तो जात नाही. भावाच्या पोर्चमध्ये आहे तो, पाहुण्यांना दाखवतो आम्ही. फरशी आधी ओली करा आणि नंतर लगेच धुवा.

गोल गोल चट्टे, कडेला करडी-तपकिरी रेघ, सकाळी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, अशी लक्षणं बुरशीची. खत ताबडतोब बंद. आणि माती बोटाला चिकटतेय, कुबट वास येतोय, तर पाणी जास्त झालंय. खाली काळी माती असलेल्या अंगणात सगळ्यांत जास्त पिवळेपणा याच कारणाने येतो.

9. जीवामृत, गोमूत्र वगैरे

चालतं, मी स्वतः तिसऱ्या महिन्यानंतर महिन्याआड जीवामृत देतो. फक्त दुहेरी कापडातून गाळून घ्या, नाहीतर बेसनाचा नि शेणाचा चोथा पानांवर बसून माश्या येतात. गोमूत्र निव्वळ कधीच नाही, एकास दहा पाणी तरी हवंच. त्यातही क्षार असतात, देशी गाईचं असलं तरी ते जाळतं. आणि घरी कार्यक्रम असेल त्या आठवड्यात देऊ नका. वास दोन दिवस राहतो.

10. जळलंच तर

घाबरून दुसरं काही ओतू नका. त्याच दिवशी लक्षात आलं तर त्या भागाला सावकाश, भरपूर पाणी द्या. अर्धा तास थांबून पुन्हा द्या. क्षार खाली निघून जातात. दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं तरीही हेच, पण यश कमी. मग दोन आठवडे काहीच करू नका. पान मेलं असलं तरी खालचा धावता देठ जिवंत असेल तर तिथून हिरवा कोंब येतो. नखाने देठ खरवडून बघा: आत पांढरट-हिरवा, ओलसर असेल तर वाट पाहा. कोरडा तपकिरी असेल तर तेवढा तुकडा कापून काढा, माती दोन इंच उकरून भरपूर पाण्याने धुवा आणि नवा तुकडा बसवा.

तो नवा तुकडा कुठून आणायचा, ही खरी अडचण असते. दोन चौरस फुटांसाठी कोणी टेम्पो पाठवत नाही. म्हणून शीट येतील त्याच दिवशी चार-पाच तुकडे बाजूला काढून पसरट कुंड्यांत लावून ठेवा. आमच्याकडे ही अक्कल दुसऱ्या लॉनला आली. पहिल्याला मी गावातल्या नर्सरीतून मिळेल ते गवत आणून ठिगळं लावली. आता पाऊस पडून गेला की ते सहा अर्धगोल बाकीच्यापेक्षा गडद हिरवे दिसतात.